टेबलाला चिकटलेला शिपाई

“अजून उभे आहेत, काकू.”

दार उघडल्यावर ‘या’ म्हणायच्या आधी आमचे समोरचे शेजारी हे सांगायचे. उभे असायचे ते त्यांच्या जेवणाच्या टेबलावरचे इंग्रज शिपाई.

मुलांनो, तुम्ही इथे आखातात, अल नस्रच्या या घरी आलात तेव्हा हे शेजारी सुट्टीवर गेले होते, म्हणून सांगते. माणूस रत्नागिरीचा, नोकरी इथल्या रास लफानच्या गॅस कंपनीत. पहाटे कंपनीची बस, संध्याकाळी चहा, मग बोटाएवढे शिपाई रंगवणं. टेबलावर त्यांनी इसांडलवानाची लढाई मांडली होती. दीडशे वर्षांपूर्वी आफ्रिकेत झुलूंनी इंग्रजांची छावणी घेरली. गोळ्या संपल्या तसे शिपाई पाठीला पाठ लावून लढले आणि तिथेच मेले. टेबल असं लढाईने अडवल्यामुळे शेजाऱ्यांचं कुटुंब जमिनीवर दस्तरखान पसरून जेवायचं.

“ईदला तरी टेबल मिळेल का?” त्यांची बायको, आमच्या भाभी, विचारायच्या.

“लढाई संपू दे.”

“दीडशे वर्षांपूर्वीच संपली ना!”

मी एकदा म्हटलं, “तुम्ही इंग्रजांच्या बाजूने कसे हो?”

“छे! मी झुलूंचा. पण ते जिंकतायत. त्यांना माझी काय गरज?”

हळूहळू शिपाई आडवे होऊ लागले. एकदा भाभी चहा टाकायला आत गेल्या तेव्हा शेजाऱ्यांनी मला सांगितलं, “आमचं डिपार्टमेंट बंद होतंय. एक माणूस घरी गेला की मी एक आडवा करतो.” मग एका मिशाळ शिपायावर बोट ठेवलं. “हा मी. मुलीची बारावी होईपर्यंत पडायचं नाही. नोकरी गेली तर व्हिसा गेला, शाळा अर्धवट. हिला यातलं काही बोलू नका.”

मी बोलले नाही. पण शुक्रवारी सकाळी मी त्यांच्याकडे जायचे, ते भाभींच्या घावन-चटणीसाठी नव्हे, तो मिशाळ उभा आहे ना ते बघायला.

एकदा भाभींनी टेबल पुसलं. फडक्याच्या एका फटकाऱ्यात इंग्रज, झुलू, सगळेच गेले. संध्याकाळी शेजारी कामावरून आले, मिशाळ शिपाई आडवा पाहिला आणि न जेवता उठले. दुसऱ्या दिवशी कंपनीतून कसलासा गोंद आणून त्यांनी तो टेबलालाच चिकटवला.

“खलास. आता हलायचा नाही.”

मुलीचा शेवटचा पेपर झाला. ती घरी येऊन दुपारभर झोपली. त्याच आठवड्यात शेजाऱ्यांना नोकरी संपल्याचं पत्र मिळालं.

“पेपर झाले ना?” मी म्हटलं.

“झाले, काकू.” त्यांनी मिशाळ शिपायाला आडवा करायला हात लावला. तो हलेना.

बाकीचे शिपाई कापसात गुंडाळून त्यांच्याबरोबर रत्नागिरीला गेले. हा राहिला, म्हणून टेबल आमच्याकडे आलं. तुमचे आजोबा त्याच्या बंदुकीला चष्मा अडकवतात.

रत्नागिरीहून फोन येतो. मुलीच्या कॉलेजचं सांगून झालं की ते शिपायाचं विचारतात.

“उभा आहे,” मी सांगते, आणि भाताचं पातेलं त्याच्यापासून लांब सरकवते. वाफेने गोंद सुटतो म्हणतात.