पाटोडी शिजली का?

"पाटोडीचा रस्सा कसा करतं वं तू?" टेबलावर झोपलेल्या बाईला सिंधू सिस्टर हे विचारायच्या आणि मी तिच्या बेंबीजवळ बधिर करायची सुई द्यायची. दुर्बिणीतून होणारं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, बाई पूर्ण जागी. तिच्या सांगण्यात बेसन शिजून ताटात थापलं जाईपर्यंत माझं निम्मं काम आटोपलेलं असे. नागपूरच्या त्या सरकारी दवाखान्यात मी नवखी डॉक्टर. सुईपेक्षा सिस्टरांच्या गप्पांवर माझा भरवसा जास्त. रस्सा चुकला की त्या चक्क रागवायच्या. "खसखस नाही? मंग काय पाणी पाजतं नवऱ्याले?" बाई पोट विसरून भांडायला लागे.

एकदा वाडीची एक पोरगी आली. दोन लेकरं, फॉर्मवर सही, सगळं रीतसर. सुई माझ्या हातात. सिस्टरांनी नेहमीचं विचारलं. पोरगी पुटपुटली, "सासूबाईले विचारा लागन."

"अन् हे ऑपरेशन कोणाले विचारून वं?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मले आताच नाही कराचं. त्या म्हणाल्या, सही कर."

"मॅडम, थांबा. हिची पाटोडी कच्ची आहे."

बाहेर अजून बायका ताटकळत होत्या. मी वैतागले. "अहो सिस्टर, सही आहे ना!"

"सही हातानं केली, मनानं नाही. पाळणा तिचा आहे, तिनंच थांबवावा."

मी सुई ठेवली. खरं सांगते, लाज वाटली. हे विचारायचं काम माझं होतं. दारात सासूबाई तणतणत होत्या, "झालं काहून नाही?" सिस्टरांनी बेधडक थाप मारली, "बीपी वाढून राहिलं तिचं. घरी न्या, अन् डोकं नका खाऊ पोरीचं."

तीन वर्षांनी तीच पोरगी एकटी आली, आपणहून. टेबलावर झोपली आणि इकडेतिकडे पाहू लागली. "त्या सिस्टर कुठं आहेत?"

सिस्टर नुकत्याच, त्या उन्हाळ्यात वारल्या होत्या. मला सांगवेना. "सुटीवर आहेत," मीही थाप मारली.

"त्यांले सांगजा मॅडम, पाटोडी शिजली म्हणा."

हातमोजे घातलेले, डोळेही पुसता येईनात. "मग आता रस्सा सांग," मी म्हटलं आणि सुई दिली. ती भराभर सांगत गेली. कांदा, खोबरं, लसूण, सगळं आलं, खसखस तेवढी राहिली. रागवायला सिस्टर नव्हत्या.