सोळा टोपल्या भुसा

लग्न होऊन मी साखऱ्याला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या सासूबाई चतुराबाई यांनी माझ्या पेटीतली लुगडी मोजली. चोरी होईल म्हणून नव्हे. उद्या मीच 'एक कमी आहे' म्हणून ओरडेन, असा त्यांना संशय होता. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांचा संशय कुणावर नव्हता असं मला आठवत नाही. शिंप्यानं चोळी शिवून आणली की त्या कातरणी मागून घ्यायच्या आणि चोळीशेजारी मांडून बघायच्या. सोनाराकडे गेल्या की तो 'घट आली' म्हणेपर्यंत त्याच्या हातावरून नजर हलवायच्या नाहीत. घट नेहमी दुसऱ्याच्याच मालात कशी येते, हे त्यांनी त्याला तोंडावर विचारलं होतं.

तो स्वभाव काही आभाळातून पडला नव्हता. बाविसाव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं, पदरात माझा नवरा सोनाजी दीड वर्षाचा, आणि चुलत दिरांनी वाटणी केली. दिरांनी शेत दोरीनं मोजलं. दोरी त्यांची होती. आत्याबाईंच्या वाट्याचं मोजताना ती दोरी आखूड झाली, हे त्यांना चार वर्षांनी कळलं. तेव्हापासून त्यांच्या कमरेला एक सुताची दोरी कायम खोचलेली असायची. "दोरी आपली पाह्यजे," असं त्या मला सांगायच्या. सांगताना मी ती दोरी पळवणार आहे अशा नजरेनं बघायच्या.

आमच्या परसात शिसवाचं झाड होतं. माझ्या आजेसासऱ्यांनी लावलेलं. त्याच्या मुळ्यांनी मागची भिंत उचलली, दोन पावसाळ्यांत तिला हात जाईल एवढी भेग पडली. ते लढाईचे दिवस होते, लाकडाला भाव आला होता. विहीर बांधून काढायची होती. झाड पाडायचं, फळ्या घरीच कापून घ्यायच्या आणि वाळल्यावर विकायच्या, असं ठरलं. लाकूड सरकारी जंगलातलं नाही, आमच्या परसातलं आहे, अशी पटवाऱ्याची चिठ्ठी आत्याबाईंनी आधीच घेऊन ठेवली. मग ती खरी आहे का, म्हणून सेनगावात दुसऱ्या एकाकडून वाचून घेतली.

फळ्या कापायला हिंगोलीहून मकबूल आला. पाच कोसांत त्याच्याइतका हाताचा सरळ आरेवाला नाही, असं सगळे म्हणायचे. त्याच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ कादर. आरा म्हणजे पुरुषभर उंचीची करवत, दोघांनी ओढायची. परसात खड्डा खणला, त्यावर ओंडका आडवा बांधला. मकबूल ओंडक्यावर उभा, कादर खाली खड्ड्यात, तोंडाला फडकं बांधून. मकबूल वरून रेघ सांभाळायचा आणि काहीबाही गुणगुणायचा. त्याला गुणगुणल्याशिवाय आरा ओढताच यायचा नाही. कादर खालून ओढायचा आणि सगळा भुसा त्याच्या अंगावर.

ओंडका चौकोनी करून झाला तेव्हा आत्याबाई उठल्या. कमरेची दोरी काढली, ओंडक्याच्या रुंदीला लावली आणि जिथं लाकूड संपलं तिथं पक्की गाठ मारली. मकबूल वरून बघत होता.

"काहून मोजून राहिल्या, बाई?" त्यानं हसत विचारलं.

"आपल्या घरचं हाय म्हणून," आत्याबाई म्हणाल्या.

सहा दिवस त्या पेरूखाली बसून राहिल्या. जेवायलासुद्धा तिथंच. मला एक काम होतं. संध्याकाळी खड्ड्यातला भुसा टोपलीनं वर काढायचा आणि गोठ्यात पसरायचा. शिसवाचा भुसा जांभळट काळा, माझे हात कोपरापर्यंत रंगायचे. टोपल्या मी मोजत होते. मोजायची मला गरज नव्हती, पण त्या घरात राहून मोजायची सवय लागली होती. सहा दिवसांत सोळा टोपल्या झाल्या. गोठ्यात गाईम्हशींनी तो तुडवला, शेणात मिसळला, त्याच्या गोवऱ्या थापल्या आणि चुलीत गेल्या.

नऊ फळ्या निघाल्या. दोन दोन बोटं जाड, एकसारख्या. आतला गाभा बघून सोनाजीचे डोळे निवले. मकबूलनं सांगितलं, सावलीत थर लावा, मधे काड्या ठेवा, वर्षभर हात लावू नका. असं म्हणून तो तोंड धुवायला निघाला, तेवढ्यात आत्याबाईंनी फळ्या एकीवर एक घट्ट रचायला लावल्या आणि बाजूला दोरी धरली.

गाठ वर राहिली. फळ्या खाली. मधे मोकळी दोरी, दोन बोटं.

"एक फळी कुठाय?" आत्याबाई म्हणाल्या.

मकबूलला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "फळ्या बराबर हायत, बाई. आरा खातो ना थोडं. दर कापाला पाव बोट."

"सोनार म्हणतो भट्टी खाती. शिंपी म्हणतो कात्री खाती. आता आराबी खाऊन राहिला?" आत्याबाईंचा आवाज चढला. कुंपणापाशी माणसं गोळा झाली. "आन खातो तर बराबर एका फळीइतकंच कसं खातो रे? कमी न्हाई, जास्त न्हाई?"

दोन बोटं जाडीची फळी आणि दोनच बोटं कमी. शेजारची पारुबाईसुद्धा हळूच म्हणाली, "दोरी काय खोटं बोलंल?" सहा दिवस डोळ्यात तेल घालून बसलेल्या बाईच्या समोरून दहा हात लांब फळी कुणी कशी नेईल, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

"भुसा आना," मकबूल म्हणाला. "सगळा भुसा आना, मी दाखवतो कुठं गेली तुमची फळी."

भुसा कुठला? गोठ्यात शेण होतं. आत्याबाईंनी ते बोट करून दाखवलं आणि लोक हसले.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. 'सोळा टोपल्या' एवढे दोन शब्द माझ्या तोंडाशी आले होते. सोळा टोपल्या म्हणजे एक फळी होते की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. पण एवढं लाकूड माझ्या हातांनी मी उचललं होतं, हे ठाऊक होतं. बोलले असते तर सून आरेवाल्याची बाजू घेते असं झालं असतं, आणि मग कशावरून मी त्यात सामील नाही, हेही झालं असतं. मी गप्प बसले. मला त्याची लाज वाटते, आणि ती काही जुनी झालेली नाही.

सोनाजीनं मजुरी पुढं केली. मकबूलनं हात मागं घेतला. "आत्ता नको. फळी सापडली की द्या," एवढंच म्हणाला आणि आरा खांद्यावर घेऊन दोघं निघाले.

वर्षभरात काय झालं ते कानावर येत राहिलं. गोष्ट सेनगावच्या बाजारात गेली. आत्याबाईंनीच नेली. नंतर लोक मकबूलला बोलवायचे ते दोन माणसं पहाऱ्याला बसवून, आणि पुढं पुढं बोलवायचेच नाहीत. कुणाच्या तुळया कमी निघाल्या होत्या, कुणाचे वासे बारीक, सगळ्यांना मागचं मागचं आठवायला लागलं. कादर कंटाळून नांदेडला गेला. खालून ओढायला माणूस नाही म्हणजे आरा भिंतीलाच. मकबूल हिंगोली स्टेशनावर हळदीची पोती उचलतो, असं कुणीतरी सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "पोतीबी मोजून घ्यावी मालकानं."

फळ्या वाळल्या तशी गिऱ्हाइकं यायला लागली. घरी कापलेलं लाकूड म्हटल्यावर आता संशय घ्यायची पाळी त्यांची होती. शेवटी वसमतकडचे व्यंकटराव आले, नव्या घराला दारं करायला. ते आमच्या आत्याबाईंचे भाऊ शोभले असते. फळीवर थुंकी लावून चोळली, रंग सुटतो का म्हणून. नखानं खरवडली. वास घेतला. एक ढलपी पाण्यात टाकली आणि बुडाली तेव्हा पाणी बदलून पुन्हा टाकली. मग परसात जाऊन झाडाचं बूड बघून आले, चिठ्ठी दोनदा वाचली आणि सौदा केला. फळ्या मात्र त्यांच्या गाडीत मावेनात. त्यांनी बरोबर आणलेल्या देवला सुताराला सांगितलं, मधोमध तोडून घे.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. पैसे लांबीवर ठरले होते. त्यांनी दोरी काढली, फळी मोजून गाठ मारली. देवलानं आणि गाडीवानानं करवत ओढली. फळी दोन झाली. आत्याबाईंनी दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून जोडले आणि दोरी धरली.

गाठ पुढं गेली. थोडीच, पण गेली.

त्यांनी देवलाकडे बघितलं, व्यंकटरावांकडे बघितलं. कुणी जागचं हललं नव्हतं. दुसरी फळी घेतली. नवी गाठ. पुन्हा तेच. तिसरी फळी त्यांनी एका बाजूनं स्वतः धरून ठेवली, कापलेल्या तुकड्यांना देवलाचा हातही लागू दिला नाही. पुन्हा तेच.

"हे कुठं जाऊन राहिलं?" त्यांनी देवलाला विचारलं. आवाज बारीक झाला होता.

देवलाला वाटलं म्हातारी चेष्टा करते. त्यानं पायाच्या अंगठ्यानं जमिनीवरचा जांभळा भुसा दाखवला. "हे काय पडलं. अन् कुठं जातंय?"

आत्याबाई खाली बसल्या. भुसा मुठीत घेतला, सोडला, पुन्हा घेतला. बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या. नऊ फळ्यांचे आठ काप, पाव पाव बोट. हिशोब त्यांना कुणाहून चांगला यायचा. दोन बोटं झाली तेव्हा त्या मोजायच्या थांबल्या. उरलेल्या फळ्या व्यंकटरावांनी तोडून भरून नेल्या, तरी त्या तिथंच बसलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून आम्ही तिघं हिंगोलीला गेलो. मकबूलची बायको रहिमाबी दारात उभी राहिली, आत या म्हणाली नाही.

"आता काय कमी निघालं?" तिनं विचारलं.

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. एवढा एक शब्द बोलायला त्यांना किती जड गेलं, ते मी शेजारी उभी राहून पाहिलं. "माझीच चूक झाली. आरा खातो."

मकबूल आतून आला. खांदा पोत्यांनी सोललेला होता. आत्याबाईंनी सगळं सांगितलं, दोरी दाखवली, राहिलेली मजुरी पुढं ठेवली. म्हणाल्या, परसात कडुलिंबाचं झाड आहे, तेही कापायचं आहे, तू ये. लिंबाला काही झालं नव्हतं. लोकांनी मकबूलला आमच्या परसात पुन्हा बघावं, एवढ्यासाठीच ते पडणार होतं.

"खालून ओढायला कादर न्हाई," मकबूल म्हणाला.

"सोनाजी ओढील."

आणि सोनाजीनं ओढलं. चार दिवस माझा नवरा खड्ड्यात उभा राहून भुसा खात होता आणि सगळा गाव कुंपणापाशी येऊन बघून जात होता. पहिल्या दिवशी आत्याबाई सकाळीच शेताकडे निघाल्या होत्या. त्यांना वाटलं, आपण समोर नसलो म्हणजे मकबूलला बरं वाटेल. मकबूल ओंडक्यावरून खाली उतरला.

"तुमी बसा, बाई. तुमी बसल्याबिगर मी आरा लावनार न्हाई."

आत्याबाई पेरूखाली बसल्या. पूर्वी पापणी न हलवता बसायच्या, आता मान वर करवत नव्हती. मकबूलनं आरा लावण्याआधी खड्ड्यात जुनी चादर अंथरली. दर कापानंतर फळ्या जोडायचा, त्यांच्याकडून दोरी मागून घ्यायचा आणि ओरडून सांगायचा, "पाव बोट!" गुणगुणणं बंद झालं होतं. पुढं तो पुन्हा गावोगावी कामाला जायला लागला, पण चादर कधी सुटली नाही. मजुरी घेण्याआधी मालकासमोर भुशाचं गाठोडं ठेवायचा. लोकांना ती त्याची लहर वाटायची.

आमच्याही ओसरीवर त्यानं गाठोडं ठेवलं. "मोजून घ्या," म्हणाला. आत्याबाई उठून आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला.

ओसरीवर मी आणि तो दोघंच उरलो. मी त्याला पाणी दिलं आणि मागचं वर्षभर न बोललेलं एकदाचं बोलले. "मकबूलभाऊ, त्या बारीला सोळा टोपल्या भुसा निघाला हुता. मीच काढला हुता. मला ठावं हुतं."

त्यानं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

"मलाबी ठावं हुतं," तो म्हणाला. "मी वरूनच बघत हुतो की. तुमी टोपल्या मोजत हुत्या."

"मग काहून न्हाई सांगितलं सगळ्यांसमोर? माझं नाव काहून न्हाई घेतलं?"

"तुमाला याच घरात ऱ्हायचं हुतं, बाई," मकबूल म्हणाला, आणि आरा उचलून निघाला.