रानडुकराचा वाटा

निशाने मला ओळखलं नाही. परळच्या हॉस्पिटलात खाटेवर ती हात झटकत होती. डोळे हळदीसारखे पिवळे, आठवा महिना. "निशा, मी आत्या गो," म्हटलं. तिने मलाच डॉक्टरीण समजून हात जोडले, घरी सोडा म्हणाली.

मी कोकणातून रात्रीच्या एसटीने आले होते, भाचा विलासच्या फोनवर. निशा त्याची बायको.

"कावीळ डोक्यात चढलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळ आजच काढावं लागेल. दोघांचंही सांगता येत नाही. हिने खाल्लं काय होतं?"

विलास निशाचे हात धरून बसला होता. मीच सांगितलं, "रानडुक्कर."

आमच्याकडे पारध (शिकार) झाली की मुंबईकरांचा वाटा आधी काढतात. विलासने शिमग्याला तो बर्फात घालून आणला. कलेजी तव्यावर नुसती फिरवायची, जास्त शिजली तर रक्त वाढत नाही, असं आम्ही मानतो. पोटुशीला पहिला घास. तो तिने खाल्ला.

"बहुतेक त्यातूनच," बाई म्हणाल्या. "डुकराच्या कलेजीत हा विषाणू असतो. पुरता शिजला की मरतो."

"मी जन्मभर खातेय."

"तुम्हाला पचतो, आजी. पोटुशीला नाही."

निशाला आत नेलं. तिचे कपडे आणायला मी डिलाईल रोडच्या चाळीत निघाले. लालबागला मिरच्या कांडत होते. शिंकून शिंकून वाट चुकले, चिंचपोकळी स्टेशनापाशी निघाले. एका हमालाने परत फिरवलं.

चाळीत शेजारीण सरिता दारातच उभी, विलासने फोनवर सगळं सांगितलेलं. "आजी, त्या डुकराचं सुकं आम्हीपण हाणलं. आता आमचं काय?"

"चांगलं शिजवलेलं?"

"दोन तास रटरटत होतं."

"पोटुशी आहेस?"

"ह्या वयात? आमचे हे नऊलाच घोरतात!"

"मग गप बस आणि चहा टाक."

चहा-बटर खाल्लं. निशाचे कपडे पिशवीत भरून हॉस्पिटलात परतले.

तेराव्यानंतर गावी परतले. स्टॉपवरच माणसं जमली. मी सांगितलं, कलेजी पुरती शिजवा, पोटुशीला देऊच नका.

"आमच्या आज्यांनी खाल्लीच की," एक म्हातारा म्हणाला.

"खाल्ली. त्यातल्या बाळंतपणात कितीजणी पिवळ्या पडून गेल्या, ते कोणी विचारलं नाही."

मुंबई मी पाहिली ती एवढीच. पुन्हा जायची इच्छा नाही, पण जावं लागेल, मूल हॉस्पिटलातून सुटलं की सांभाळायला कोणी नाही.

मुलगी जगली. निशा, बाळ काढलं त्याच संध्याकाळी गेली.