आठ मशिनांची शिट्टी

माक मिस्त्रीचं दुकान आणि माझं काढ्याचं दुकान यांच्यामध्ये एकच खांब आहे. दक्षिण चीनमधल्या शिकी गावच्या जुन्या पेठेत आम्ही एकोणीस वर्षं शेजारी. मी कडू काढा विकते, तो कडू बोलतो. गिऱ्हाइकं म्हणतात, दोन्हींनी पोट साफ होतं.

तिशीत असताना हा नदीपलीकडच्या कारखान्यात लागला. तिथे टीव्हीला जोडून खेळायचे गेम बनत. जपानी मशिनाची नक्कल. पण आम्ही कोणी तिला नक्कल म्हणत नव्हतो, कारण अस्सल कोणी पाहिलंच नव्हतं. जोडणीच्या सरकत्या पट्ट्यावरून जे मशीन आजारी उतरे ते माककडे येई. चित्र गरगर फिरतंय, रंग उडालाय, आवाज घरघरतोय. हा डोळे मिटून दोन मिनिटं ऐके आणि बोट ठेवून सांगे, "हा कंडेन्सर बदला." बारा वर्षं हेच. पट्ट्यावरच्या पोरी त्याला 'कानवाला' म्हणत, आणि त्यातलीच एक, क्युन, त्याच्या गळ्यात पडली. कोण कोणाच्या गळ्यात पडलं याबद्दल घरात अजून दोन पक्ष आहेत.

पुढे कारखाना बंद पडला, तेव्हा त्याने टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. मग भिंतीवर टांगायचे चपटे टीव्ही आले. ते बिघडले की लोक सरळ नवे आणतात. दोन-तीन वर्षं मिस्त्री नुसता पंख्याखाली बसून शेजाऱ्यांवर टीका करी, म्हणजे माझ्यावर. मग त्या गेमवर वाढलेल्या पिढीला टक्कल पडू लागलं, आणि ती माणसं माळ्यावरची पिवळी पडलेली मशीनं छातीशी धरून येऊ लागली. मिस्त्रीच्या अंगावर पुन्हा मांस चढलं.

पण यंदा वसंतापासून तेही आटलं होतं. क्युनने एक दिवस जेवताना सांगून टाकलं, "लेक क्वांगचौला एकटी, नातू दीड वर्षाचा. या वर्षअखेर दुकान बंद करून आपण तिकडे जायचं." हा अडून बसला. शेवटी तह झाला: एखादं मोठं काम हातून नीट पार पडलं तर दुकान राहील, नाही तर शटर.

आणि दुसऱ्याच आठवड्यात वाय-सान आली.

वाय-सान म्हणजे चौकातल्या यिपची मुलगी, छत्तिशीची. बापाच्या भाजलेल्या कबुतरांच्या हॉटेलात तिने आठ बाकांवर आठ जुने डबा टीव्ही बसवले होते आणि भंगार बाजारातून आठ गेम गोळा केले होते. जेवता जेवता लोकांनी लहानपण खेळावं, अशी तिची कल्पना. रविवारी उद्घाटन. "काका, आठही मशीनं दिवसभर चालली पाहिजेत. आणि नाही जमलं तर आत्ताच सांगा, शेनझेनचा एक पोरगा करून द्यायला तयार आहे."

"शेनझेनचा पोरगा!" मिस्त्री गरजला. "त्याचा जन्म व्हायच्या आधी मी अशी चार हजार मशीनं उघडलीत."

मशीनं बिचारी तासाभरात तापून अडकत. मिस्त्रीने आतला विजेचा दाब उतरवणारा जुना तीन पायांचा रेग्युलेटर काढला, जो इस्त्रीसारखा तापतो, आणि त्या जागी तेच काम करणाऱ्या नखाएवढ्या नव्या पट्ट्या बसवल्या. माझा हात ओढून मशिनावर ठेवला. "बघा वहिनी, बर्फ आहे की नाही?"

बर्फच होता. पण त्या बर्फातून शिट्टी येत होती.

डासाच्या कानात दुसरा डास शिरावा तशी ती शिट्टी. गेमचं संगीत चालू असताना ती खाली दबून राही. संगीत थांबलं, नुसती खेळांच्या नावांची यादी पडद्यावर आली, की दात आंबायचे. माझी गिऱ्हाइकं काढा उभ्याउभ्या गटकून पळू लागली. पलीकडच्या न्हाव्याने कानात कापूस घातला. आणि मिस्त्री त्या मशिनासमोर मान डोलावत बसलेला, प्रसन्न.

त्याला ऐकू येत नव्हतं. बारीक, वरचे आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. कधीपासून, कोण जाणे. क्युनची हाक त्याला ऐकू जात नाही हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पण नवऱ्याला बायकोचं ऐकू येत नाही, याला आजार कोण म्हणेल?

आणि सांगणार कोण? आमच्याकडे थोरल्या माणसाचा मान राखायचा असतो. त्यातून ज्याचं पोट कानावर चालतं त्याला, तुमचा कान गेलाय, असं सांगायचं म्हणजे त्याच्या ताटातली भाकरी उचलण्यासारखं. म्हणून सगळ्यांनी मान राखला, आणि त्या मानापायी आठवडाभर आमचं डोकं उठलं.

वाय-सान पहिल्यांदा मशीन घेऊन परत आली तेव्हा म्हणाली, "काका, काहीतरी बारीक वाजतंय… कदाचित आमच्याच वायरिंगचा दोष असेल." हा वायरिंग बघायला गेला. दोष सापडला नाही म्हणून त्याने पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या सगळ्या वायरी बदलल्या. शिट्टी होतीच. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "अडॅप्टर असेल का हो?" आठही अडॅप्टर बदलले. शिट्टी होतीच. तिसऱ्यांदा त्याचा संशय फ्रिजवर गेला. त्याने भर दुपारी हॉटेलातला मोठा फ्रिज बंद करायला लावला. फ्रिज चालू करायचं कोणाला आठवलं नाही, आणि संध्याकाळी यिपने साठ कबुतरं फुकट वाटली. दोन मलाही मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. चौथ्यांदा याने टीव्हीवर खापर फोडलं.

"टीव्ही खराब, गावातली वीज खराब, हल्लीच्या पोरींचे कान खराब!" मिस्त्री माझ्या दुकानात येऊन आदळआपट करत होता. "मी ऐकतोय ना! लख्ख आहे आवाज. हिला नको तिथे काहीतरी ऐकू येतं. लग्न लावा म्हणावं तिचं, सगळं थांबेल!"

"मिस्त्री, शिव्या सावकाश द्या, काढा नासेल."

"तुम्हाला येतो का आवाज? खरं सांगा, वहिनी."

आता माझं तोंड पेठेत प्रसिद्ध आहे. नको त्या वेळी नको ते बोलायला मी कधी चुकलेली नाही. पण त्या क्षणी मी काय म्हटलं? "माझं काय, माझ्या कानात तर रात्रंदिवस उकळी असते." भित्री कुठली!

गुरुवारी दुपारी वाय-सान पाचव्यांदा आली. डोळ्यांखाली काळं. मशीन याच्या टेबलावर ठेवून उभी राहिली. "काका, आता शेवटचं. उद्या हे नीट नसेल तर मी शेनझेनला फोन करते. रविवारी माझं उद्घाटन आहे."

मिस्त्री लाल झाला. टीव्ही लावला, यादीचा पडदा आणला. शिट्टी सुरू. "सांग, कुठे आहे आवाज? वहिनी, या इकडे! न्हाव्यालाही बोलवा. होऊन जाऊ दे!"

आणि इथे माझी खोड आडवी आली. मला वाटलं, हसतखेळत निघेल काटा. मी म्हटलं, "मिस्त्री, पैज लावू. तुम्ही टीव्हीकडे पाठ करून उभे राहा. मी मशीन कधी चालू करीन, कधी बंद. तुम्ही नुसतं कानाने ओळखायचं."

"लावा!" म्हणून तो गर्रकन वळला. माझ्या दुकानाकडे तोंड. मी चालू केलं. "चालू," तो म्हणाला. बंद केलं. "बंद." पुन्हा चालू. "चालू! अजून काय पाहिजे?" वाय-सान माझ्याकडे बघायला लागली. मीही चक्रावले. मग माझं लक्ष त्याच्या नजरेकडे गेलं. माझा काढ्याचा तांब्याचा भोपळी हंडा मी रोज चिंचेने घासते. त्यात टीव्हीचा उजेड लख्ख दिसत होता. लबाड!

मग मी मशीन बंद न करता नुसती पिवळी पिन उपटली. पडदा काळा झाला. पण आवाजाची पांढरी पिन तशीच होती, आणि शिट्टी पूर्ण जोरात चालली होती. न्हाव्याने चक्क कानांवर हात ठेवले.

"बंद," मिस्त्री ठासून म्हणाला.

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसू येईल. वाय-सानने जमिनीकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "हो काका. बंदच होतं."

तो वळला. माझ्या हातात पिवळी पिन होती. मशिनाचा लाल दिवा जळत होता. त्याने दिव्याकडे बघितलं, पिनेकडे बघितलं, न्हाव्याच्या हातांकडे बघितलं. मग माझ्या हातातून पिन घेतली, जागेवर खोचली, मशीन बंद केलं आणि शटर ओढून घेतलं. आम्ही तिघं बाहेर उभे, गुन्हेगारासारखे.

मी तडक त्याच्या घरी गेले आणि क्युनला सगळं सांगितलं. मला वाटलं ती मला झाडूने मारील. ती मटार सोलत राहिली.

"मला सहा वर्षं ठाऊक आहे," ती म्हणाली.

"मग बोलली नाहीस?"

"बोलले ना. रोज बोलते. त्याला ऐकू जात नाही." मग शेंग फोडत म्हणाली, "आणि तोंडावर कसं सांगायचं? माणूस मशिनाचं ऐकून जगला गं. मला वाटलं क्वांगचौला गेलो की आपोआप झाकलं जाईल. तिथे नातू सांभाळायचा, मशीन कोण दुरुस्त करायला सांगतंय!"

असं ते होतं. तिला दुकान नको होतं म्हणून नव्हे, त्याची लाज राखायला ते बंद करायचं होतं.

शुक्रवारी सकाळी क्युन दुकानात आली. एवढ्या वर्षांत तिने आत पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. शटर अर्धं उचलून वाकून शिरली आणि स्टुलावर बसली. मी खांबाला चिकटून उभी होते, हे सांगायला नकोच.

"कशाला आलीस?" मिस्त्री, भिंतीकडे बघत.

क्युनने स्टूल त्याच्यासमोर ओढलं, तोंड दिसेल अशी बसली, आणि सावकाश म्हणाली, "लावा मशीन. आवाज आहे तोवर माझं बोट वर राहील. गेला की खाली."

"मला शिकवतेस?"

"पट्ट्यावर मीच सांगत होते तुम्हाला कुठलं मशीन आजारी आहे ते. विसरलात? लावा."

मग टक् करून मशीन चालू झालं, आणि क्युनचं बोट वर गेलं. मिस्त्रीने अडॅप्टर बदलला. बोट वर. वायर बदलली. बोट वर. कंडेन्सरला नवा कंडेन्सर जोडला. बोट वरच. मिस्त्रीने पक्कड आपटली, काहीतरी शिवी घातली, आणि ती नखाएवढी बर्फासारखी थंड पट्टी, ज्यावर त्याचा इतका जीव, उपटून जुना तापणारा रेग्युलेटर परत डाख देऊन बसवला.

बोट खाली आलं.

"नक्की?"

"नक्की."

"पुन्हा ऐक."

"अहो, नक्की!"

तो पट्टीकडे बघत राहिला. "हीच शिंची. मीच घातली." मग दिवसभर आणि शनिवारभर आतून नुसती भांडणं. जुना भाग तापणार, म्हणून मोडक्या टीव्हीतलं जाड ॲल्युमिनियम कापून त्याला लावायचं, खोक्याच्या बुडाला भोकं पाडायची. क्युन म्हणे भोकं वाकडी पडली. तो म्हणे, वाकड्या भोकातूनही हवा जाते. आठ मशीनं, आठ वेळा बोट वर, आठ वेळा बोट खाली. दोनदा बोट खाली आलंच नाही, तेव्हा सगळं परत उघडलं.

रविवारी वाय-सानच्या हॉटेलात ही गर्दी. मशीनं तीन तास चालली तरी अडकली नाहीत. वाय-सानने आठही बाकांवर कान लावून बघितलं, मग दोन्ही हातांनी मिस्त्रीचा हात धरला. शेनझेनला फोन गेला नाही. लेकीचा क्वांगचौहून फोन आला तेव्हा क्युन म्हणाली, "या महिन्यात जमणार नाही. दुकानात काम आहे."

पण तेवढ्यावर ती बसते कुठे. एकेका बाकापाशी जाऊन उभी राहत होती. सहाव्या बाकावर तिचं बोट वर गेलं.

"मावशी, मला तर काही ऐकू येत नाही," वाय-सान म्हणाली.

"मला येतं."

मिस्त्रीने कबुतराची तंगडी अर्धी खाऊन ताटात टाकली. तोंड आंबट करून, पुटपुटत, खिशातून पेचकस काढला आणि जेवणाऱ्या माणसांचे पाय बाजूला सारत टेबलाखाली शिरला.

"आता?" त्याने खालून विचारलं.

क्युन वाकली, त्याला दिसेल असं बोट टेबलाखाली नेलं. वर.

"आता?"

बोट वरच.

"आता, बाई?"

"सांगते ना, आहे अजून!"

मी त्या बाकावरच्या पाहुण्यांना म्हटलं, तुम्ही जेवून घ्या, याला वेळ लागेल.