अस्वलाच्या घरचे फोटो

"पिल्लं असतील तर पिंजरा लावत नाही. पण मला फोटो पाहिजे. सांगोवांगी चालणार नाही," वनखात्याचे साहेब म्हणाले. महिन्याची मुदत दिली.

मी जिंतूरचा, लग्नाचे फोटो काढणारा. जंगलाचा आपला नाद. आमच्या डोंगरात एक अस्वलीण फिरत होती. तिनं मारोती गुराख्याच्या अंगावर धाव घेतली, अन् सगळं गाव पिंजरा मागायलं. गावाचंही काय चुकलं? पण डोंगराच्या पायथ्याला कौसाबाईचं शेत, तिनं मातीत बारकी पावलं बघितली होती. आई एकटीच पकडली गेली तर पिल्लं उपाशी मरणार.

कौसाबाईच्या बांधावर 'हाइड' केलं. हाइड म्हणजे फोटोग्राफरनं लपायची जागा. माझी कडब्याची होती. ओढ्यापलीकडं वारूळ. वाळवी म्हणजे अस्वलाची मेजवानी. लांबचं जवळ आणणारी टेली लेन्स लावून रोज पहाटे बसायचो. मोर आले, रानडुकरं आली. बाईसाहेब काही येईनात. मी घरी गेलो की मात्र वारूळ उकरून जायच्या! डोक्याला ताप नुसता.

मुदत संपत आली. एका पहाटे निघताना बायको म्हणाली, "अवो, अस्वलाच्या लग्नाला चाललात का? घरभर घमघमाट सुटलाय."

मी जागीच थांबलो. शूटला निघताना कानात अत्तराचा फाया, ही आमच्या धंद्यातली सवय. अन् अस्वलाची नजर अधू असली तरी नाक लय तिखट!

अत्तर बंद. कौसाबाईनं मालकाचा गोठ्यातला सदरा दिला.

"लय वास मारायलाय," मी म्हणालो.

"मारू द्या की. तुमाला कोण नवरी बघायलीय?"

दोन-तीन दिवसांनी, उजाडता उजाडता ती आली. पाठीवर दोन पिल्लं, केस गच्च धरून. एक घसरलं. ती थांबली. ते परत चढलं, तवा पुढं निघाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

फोटो साहेबांना दिला, गावातही दाखवला. मारोतीच आधी बोलला, "लेकुरवाळी हाय व्हय! मंग अंगावर येईल न्हाई तर काय करील?" त्यानं ओढ्याकडं गुरं न्यायचं सोडलं. पिंजरा आलाच नाही. पावसाळ्यात पिल्लं आईच्या मागं पायी चालायली, तेही फोटो मिळाले.

मारोतीचे, कौसाबाईचे उपकार मोठे. बायकोचे तर फिटायचेच नाहीत, ती फिटू देत नाही. अत्तर अजून लावतो, पण फक्त माणसांच्या लग्नाला.