तिसरा रकाना

ताईने सकाळी फोन केला, "हे गेले रे." मी पोलादपूरहून महाडला पोचलो तेव्हा अंगणात खुर्च्या मांडल्या जात होत्या आणि आमच्या ग्रामस्थ मंडळाचे लोक भावोजींच्या खोलीत संगणकाभोवती उभे होते. सभासदांना निधनाचा निरोप पाठवायचा होता, आणि तो कसा पाठवतात हे एकालाही ठाऊक नव्हतं. भावोजींनी ते कोणाला शिकवलंच नव्हतं. मी त्यांच्या खुर्चीत बसलो, काळ्या पडद्यावर वरच्या बाणाची कळ दाबली. त्यांनी आधी टाइप केलेली नेहमीची आज्ञा आपोआप उमटली. एंटर मारलं. निरोप गेले.

शोकसभेत त्यांना निगर्वी म्हणाले. निगर्वी म्हणे... एमआयडीसीतल्या कारखान्यात आम्ही बरीच वर्षं एका खोलीत काढली. माऊस वापरणाऱ्याला ते 'बोट ठेवून वाचणारा' म्हणत. स्वतःला चार आज्ञा पाठ, त्यांतली 'कट' जिवापाड लाडकी. मंडळाच्या फाइलीत प्रत्येक ओळीत नाव, पत्ता, मोबाइल, मध्ये स्वल्पविराम. कटला सांगायचं, स्वल्पविराम मोज आणि तिसरा रकाना काढ. क्षणात सगळे नंबर एकाखाली एक. लोक आ वासून बघत, आणि भावोजी त्यांच्याकडे जत्रेतल्या जादूगारासारखे.

पण कटला पत्त्यातला स्वल्पविरामही मोजावासा वाटतो. बाजारपेठेतल्या सभासदाचा पत्ता नुसता 'महाड', खालच्या वाड्यांचा नुसतं वाडीचं नाव. वर डोंगरातल्यांचा मात्र 'वरची वाडी, ता. पोलादपूर'. तिथे तिसऱ्या रकान्यात नंबराऐवजी तालुकाच येतो, आणि नंबर नसलेली ओळ निरोप पाठवणारी यंत्रणा मुकाट्याने गाळते.

एका पावसाळ्यात डोंगराला भेगा पडल्या. मंडळाने 'खाली शाळेत या' असा निरोप पाठवला. खालच्या वाड्या आल्या, वरची आली नाही. दरडीखाली गोठे गेले, एक म्हातारी गेली. भावोजी गावभर सांगत फिरले, "निरोप दिला होता. ऐकायचं नाय तर मरा." मी नंतर ती यादी पडद्यावर पाहिली आणि त्यांना दाखवली. "एवढा लांबलचक पत्ता लिहायला कोणी सांगितलं होतं त्यांना?" एवढंच म्हणाले. मी ते कोणाला सांगितलं नाही. ताईचा संसार, असं स्वतःला समजावलं... खरं तर मला त्यांची भीती वाटायची. असल्या माणसाची.

शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, "वरची वाडी आजही आली नाही. मंडळाचा निरोप त्यांनी कधी मानलाच नाही." दारातून आवाज आला, "मी आलेय की." त्या म्हातारीची सून, कमळाबाई. बाजाराला आली होती, तिथे बातमी कळली. "निरोप नाय आला. तवापन नाय आला. किती वेळा सांगायचं रे बाबांनो?"

"मोबाइल बघायला शीक आधी, मावशे," कोणीतरी म्हणालं. लोक हसले. मी चपलांकडे बघत राहिलो. आजचा निरोप मी पाठवला होता.

ताई म्हणाली, "ह्यांच्यावर पेपरात लिहिणार आहेस तर चांगलं लिही." ताई, चांगलं म्हणून माझ्याकडे एवढंच आहे. वरच्या वाडीला निरोप कधीच गेला नव्हता. दरडीचा नाही आणि मरणाचाही नाही.

परवा त्या खोलीत बसून मी शेवटचा रकाना मागणारी आज्ञा लिहिली. पत्ता कितीही लांब असो, नंबर शेवटीच असतो. वाडीचे नंबर बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसले. एवढं सोपं होतं. निरोप कधीच गेला नव्हता, ही इथे वर लिहिलेली दोन वाक्यं मी वाडीला पाठवली.

थोड्या वेळाने कमळाबाईचा फोन आला. "आला निरोप," ती म्हणाली. मग विचारलं, "सासूचा नंबर हाय काय वो मंडळाच्या यादीत?"

होता.

आता वरच्या बाणाची कळ दाबली की आधी माझी ओळ येते. पुन्हा दाबली की भावोजींची. ती मी पुसलेली नाही.