दादाचं लॉगिन

ऑफिसात तिला सगळे सर्व्हरताई म्हणत. औषधांची घाऊक विक्री करणारी कंपनी, साठ-पासष्ट माणसं, मागे मोठं गोडाऊन, आणि या सगळ्यांच्या कम्प्युटरचं दुखलंखुपलं बघायला ही एकटी. जिन्याखाली, जिथे पूर्वी झाडू-बादल्या ठेवत, त्या खोलीत तिचे दोन सर्व्हर घरघरत असायचे. त्यांना गारवा लागतो म्हणून एसी, आणि एसी आहे म्हणून ताईच्या अंगात बारा महिने स्वेटर. कुणाचा प्रिंटर रुसला, कुणी पासवर्ड विसरला, की "ताई, जरा बघता का" अशी हाक यायची. सगळं सुरळीत असलं की तिची आठवण कुणाला होत नसे, आणि तिलाही तेच बरं वाटे.

तिला इथे चिकटवलं तिच्या मोठ्या भावाने. दादा गोडाऊनचा प्रमुख होता, एकोणीस वर्षं. ताईचं लग्न झालेलं नव्हतं. ती दादा-वहिनीकडेच राहायची. सकाळी बहीणभाऊ एकाच स्कूटरवर यायचे. फाटकातून आत शिरले की तो उजवीकडे, ही डावीकडे.

एका मंगळवारी साडेदहाच्या सुमाराला, माल उतरवायच्या फलाटावर खोकी तपासता तपासता दादा खाली बसला तो परत उठला नाही. ट्रॉली चालवणारे काका बोलवायला आले, तेव्हा ताई टेबलाखाली शिरून एक वायर बदलत होती. "दादांना बरं वाटत नाहीये," इतकंच ते म्हणाले. तिने ती वायर आधी नीट खोचली, दिवा हिरवा झालेला पाहिला आणि मग उठली. आणखी लवकर आणलं असतं तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टर नंतर आपण होऊन म्हणाले. तिने विचारलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी ती कामावर आली, बसने. लोक दबक्या आवाजात बोलले, कुणी चहा आणून ठेवला. तिने कम्प्युटर सुरू केला. तुंबलेल्या कामांच्या यादीत सगळ्यात वर, लाल अक्षरांत, एच.आर.च्या बाईंची विनंती होती: 'कर्मचारी मयत. लॉगिन बंद करावे. मुदत चोवीस तास.' खाली दादाचं पूर्ण नाव आणि क्रमांक. ही विनंती कुणाच्या पुढ्यात जाऊन पडेल, याचा विचार बाईंनी केला नव्हता. ताईने लॉगिन बंद केलं. नक्की ना, असं पडद्यावर विचारलं गेलं, तिने हो म्हटलं. यादीतली लाल ओळ गेली. पुढचं काम एका प्रिंटरच्या शाईचं होतं.

आता तरी रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. घरीही आलं नव्हतं. वहिनी म्हणायची, "एकदा रडून घे, मोकळी होशील." पण आत काही अडकलंय असंही तिला जाणवत नव्हतं. दाढ काढताना सुई दिल्यावर आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं काहीसं होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोडाऊनचं गाडं अडलं. लेबलं छापेनात. पहाटे आपोआप तयार होणारी साठ्याची यादी झालीच नव्हती, त्यामुळे दुकानदारांच्या ऑर्डरी नुसत्या पडून. सहा टेम्पो रांगेत उभे, ड्रायव्हर बाहेर गप्पा मारत. हॉस्पिटलची इन्शुलिनची पेटी नऊच्या आत पोचायला हवी होती; ती काकांनी हाताने चिठ्ठी लिहून धाडली. कंपनीचे साहेब स्वतः जिना उतरून ताईच्या खोलीत आले.

तिला कारण सापडायला वीस मिनिटं लागली. ही सगळी कामं दादाच्या लॉगिनवर चालत होती. आणि तशी लावली होती तिनेच. सहा वर्षांपूर्वी नवी यंत्रणा बसवताना सोमवारच्या आत सगळं उभं करायचं होतं. तेव्हा ती दादाला म्हणाली होती, "तुझा पासवर्ड दे रे. चार दिवस तुझ्या नावावर लावते, मग नीट करते." तो म्हणाला होता, "घे. तसंही गोडाऊन माझ्याच डोक्यावर आहे, एवढ्याने काय जड होतंय." चार दिवसांची सहा वर्षं झाली.

"मग चालू करा ना परत," साहेब म्हणाले.

"गेलेल्या माणसाचं लॉगिन आहे ते."

"कळतंय मला, ताई. पण टेम्पो उभे आहेत."

तिने चालू केलं. थोड्याच वेळात भिंतीपलीकडून लेबलांची करकर ऐकू आली. सगळं नीट लावायला महिनाभर लागेल, असं ती म्हणाली. "बघू," साहेब म्हणाले. "चालतंय तोवर हात लावू नका."

तिने हात लावला नाही. रोज नऊ वाजता ती सर्व्हरवरच्या नोंदी उघडे. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी दादा आत आलेला असे. दादाने साठा जुळवला. दादाने लेबलं पाठवली. ती वाचे आणि पुढची ओळ बघे. नव्वद दिवसांनी त्याचा पासवर्ड बदलायची वेळ आली. तोही तिनेच बदलला.

पाचव्या महिन्यात एका औषध कंपनीचा ऑडिटर तपासणीला आला. नोंदींवर बोट ठेवून त्याने विचारलं, "हे रोज पहाटे पाचला येतात? बोलवा जरा, दोन प्रश्न विचारायचेत."

"ते गेले," ताई म्हणाली.

"कधीपर्यंत येतील?"

साहेबांनी घसा खाकरला. मग ऑडिटरच्या ध्यानात आलं. "तुमचे कोण...?"

"मोठा भाऊ."

अहवालात त्याने मात्र लिहायचं ते लिहिलं: मृत कर्मचाऱ्याचं लॉगिन वापरात, महिन्याभरात दुरुस्ती करावी. बरोबरच लिहिलं, असं ताईला वाटलं.

मग ती कामाला लागली. चौदा कामं निघाली. एकेक उचलून यंत्रणेच्या स्वतंत्र, कुणाही माणसाच्या नावावर नसलेल्या लॉगिनवर न्यायचं. कुठला प्रिंटर कुठल्या रांगेचा, हे काका तिला फिरून दाखवत. तेरा झाली. चौदावं होतं कोल्ड रूमचं, म्हणजे इन्शुलिनसारखी औषधं ठेवायच्या थंड खोल्यांचं. आतलं तापमान आठ अंशांच्या वर गेलं की एक मेसेज जायचा, आणि तो जायचा दादाच्या मोबाइलवर. मोबाइल घरी होता.

संध्याकाळी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"दादाच्या फोनवर मेसेज येतात का गं? कोल्ड रूमचे?"

"येतात की. आठवड्यातून एखाद-दुसरा."

"मग?"

"मग काय, वॉचमनला फोन करते. तो जाऊन दार नीट लावतो. तिसऱ्या खोलीच्या दाराचं रबर गेलंय म्हणाला."

ताई उभीच राहिली. पाच महिने कंपनीचं इन्शुलिन वहिनीने थंड ठेवलं होतं, आणि ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कुठे बोलतेस हल्ली." वहिनीने हातातल्या चादरीची घडी दाबून बसवली. "हे जेवता जेवता उठून फोन करायचे. म्हटलं, कुणीतरी करायलाच हवा."

"आता तिथे नवीन प्रमुखांचा नंबर टाकायचाय."

"टाक ना." वहिनीने पुढची चादर उचलली. "मुदत कधीची आहे?"

"शुक्रवारची."

"मग गुरुवारी टाक."

गुरुवारी दुपारी ताईने नंबर बदलला आणि दादाचं लॉगिन बंद केलं. या वेळीही तिला काही वाटलं नाही. शुक्रवारी सकाळी ती गोडाऊनच्या दाराशी जाऊन उभी राहिली. लेबलं निघत होती. पावणेनऊला शेवटचा टेम्पो गेला. काकांनी लांबून हात केला, तिनेही केला.

तिसऱ्या खोलीचं रबर पुढच्या आठवड्यात बदललं. साहेब एकदा जिन्यात भेटले तेव्हा "छान झालं काम," म्हणाले.

रडू ताईला अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल, असं ती म्हणते. पण संध्याकाळी घरी गेली की ती वहिनीला गोडाऊनमधलं काहीबाही सांगते, एक-दोन वाक्यं. वहिनी वाटाणे सोलता सोलता ऐकते आणि मधेच नेमका प्रश्न विचारते. परवा तिने विचारलं, दुसऱ्या खोलीचा पंखा अजून आवाज करतो का. ताईने दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. करत होता.